चिरुटाची पेटी आणि विडीचं सूप

सिगार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातला खलनायक उभा राहतो. अंगात रेशमी गाऊन, हातात काचेचा ग्लास आणि तोंडात जाडजूड सिगार. मागच्या पिढीतली माणसं त्याला चिरूट म्हणायची. हा शब्द मूळचा तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. इंग्रजांच्या काळात तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचे चिरूट थेट विलायतेला जात असत.

आता तुम्ही म्हणाल, बायकांच्या पुरवणीत हा विषय कुठून आला? तर मैत्रिणींनो, सिगार काय किंवा विडी काय, ओढणारे बहुतेक पुरुष असले तरी वळणारे हात मोठ्या संख्येनं बायकांचेच आहेत. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात तंबाखूचा प्रचंड मोठा सरकारी कारखाना होता. एकोणिसाव्या शतकात तिथं हजारो बायका काम करत. ‘कार्मेन’ या १८७५ सालच्या प्रसिद्ध ऑपेराची नायिका याच कारखान्यातली कामगार. आज त्या इमारतीत विद्यापीठ आहे. आणि आपल्याकडे सोलापूर, सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर, भंडारा-गोंदिया या भागांत कितीतरी घरांची चूल विडीवर पेटत आली आहे. सरकारनंही या दोन्हीकडे एकाच नजरेनं पाहिलं. १९६६ साली जो कायदा झाला, त्याचं नावच ‘विडी आणि सिगार कामगार कायदा’ असं होतं. म्हणून म्हटलं, या दोन्ही बहिणींची गोष्ट एकत्र सांगावी.

पान पिकतं कसं?

जगात नावाजलेले सिगार क्यूबाचे. या देशाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. तिथल्या लाल मातीत हा तंबाखू होतो. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पानं खुडतात, तीसुद्धा एकदम नाही, तर खालच्या पानांपासून वर टप्प्याटप्प्यानं. सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या वेष्टणासाठी जे पान लागतं, त्याच्या रोपांवर पातळ कापडाचा मांडव घालतात. ऊन थेट लागलं नाही की पान मऊ आणि पातळ राहतं.

खुडलेली पानं ओवून लाकडी कोठारात टांगतात. दीड-दोन महिन्यांत हिरवं पान पिवळं आणि मग तपकिरी होतं. त्यानंतर पानांवर ओलावा देऊन त्यांचे ढीग रचतात. ढिगात आपोआप उष्णता तयार होते आणि पान आंबतं. आपलं इडलीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर फुगतं ना, तसंच हे, फक्त इथं दिवस नाही, महिने लागतात. या आंबण्यात पानाचा उग्रपणा कमी होतो, अमोनियाचा वास निघून जातो. मग पानाची मधली शीर काढायची. हे काम परंपरेनं बायकांचं.

सिगार वळणारा कामगार आत तीन प्रकारची पानं भरतो. एक चांगलं जळणारं, एक सुवासाचं आणि एक कडक. त्यावर बांधणीचं पान, त्यावर साच्यात दाब आणि शेवटी ते जपलेलं मऊ वेष्टण. हत्यार म्हणाल तर एक लाकडी पाट आणि अर्धचंद्राकृती पातं, एवढंच. ‘सिगार तरुणींच्या मांडीवर वळतात’ अशी एक चावट दंतकथा जगभर फिरते. तिच्यात काही तथ्य नाही. बायका मांडीवर पानं घेऊन निवडतात, त्यावरून कुणीतरी ही कथा रचली असावी. कष्टाच्या कामालाही असा रंग द्यायची हौस सगळीकडे सारखीच! कुशल कामगाराचे दिवसाला साधारण शंभराच्या आसपास सिगार होतात.

हजार विड्यांचा दिवस

आता आपल्या विडीकडे येऊ. विडीचं पान तंबाखूचं नसतं, ते टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं असतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जंगलभागात एप्रिल-मेच्या भर उन्हात अख्खी कुटुंबं पहाटेच पानं तोडायला निघतात. दुपारी घरी येऊन पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. पूर्वी हा व्यवहार ठेकेदाराच्या हातात असे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर या भागातल्या कितीतरी ग्रामसभा आपल्या पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या, ही मोठीच गोष्ट झाली. आतला तंबाखू निपाणीचा किंवा गुजरातेतल्या चरोतर भागातला. निपाणी म्हटलं की १९८१ सालचं शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यात गोळीबारात गेलेले शेतकऱ्यांचे बळी आठवतात.

बचत गटाच्या कामानिमित्त सोलापुरातल्या विडी कामगार वस्त्यांत जाणं होतं, त्यामुळे पुढचं चित्र ओळखीचं आहे. इथल्या बऱ्याच बायका तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचे आजे-पणजे तेलंगणातून गिरण्यांत आणि मागांवर कामाला आले. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, असा संसार चालला. गिरण्या बंद पडल्या, मागांचं काम कमी-जास्त होत राहिलं, पण बाईचं सूप काही मांडीवरून खाली उतरलं नाही.

आदल्या रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं एकसारखं कापायचं. मग मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरून वळायचा, दोऱ्यानं बांधायचा, नखानं किंवा छोट्या सळईनं तोंड दुमडायचं. पंचवीस विड्यांची एक जुडी. वाचायला मिनिटभर लागतं, पण दिवसाला पाचशे ते हजार विड्या वळायच्या तर सकाळची कामं उरकल्यापासून रात्रीपर्यंत मान वर करायला मिळत नाही.

मजुरी तासावर नसते, हजारावर असते. त्यातही माल तपासणारा माणूस काही विड्या बाद करतो. पान फाटकं, तोंड सैल, बांधा वाकडा. बाद झालेल्या विडीचे कष्ट बाईचे आणि नुकसानही बाईचं. कमी किंवा फाटकी पानं मिळाली तर पदरच्या पैशानं पानं विकत घेऊन हजार पुरे करायचे. एक बाई मला हसत म्हणाली होती, “ताई, पोरगी पहिली आली तर एकदा कौतुक होतं, पण विडी वाकडी आली तर रोज बोलणी!”

जपायचं कशाला?

सिगार जपण्याचं तर एक शास्त्रच आहे. तो देवदारासारख्या वासाच्या लाकडी पेटीत ठेवतात. आत हवेतला ओलावा साधारण ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवतात. हवा कोरडी झाली तर पान तडकतं, ओलावा वाढला तर बुरशी येते. पेटीच्या झाकणाखाली ओलावा मोजणारं छोटं यंत्र असतं. नीट जपला तर सिगार वर्षानुवर्षं मुरतो म्हणे, आपल्या लोणच्यासारखा.

आणि विडीचा तंबाखू? तो दहा बाय दहाच्या खोलीत. एका कोपऱ्यात तंबाखूची पिशवी, दुसऱ्या कोपऱ्यात स्टोव्ह, मधे बाळाची झोळी. पानांनी सुकू नये म्हणून पंखा बंद. तंबाखूची धूळ हवेत, अंथरुणात, कणकेच्या डब्यावर. सिगारच्या हवेची एवढी काळजी घेतात, पण वळणाऱ्या बाईच्या खोलीतली हवा कुणी मोजत नाही. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ, मान-कंबरदुखी, बोटांना पडलेल्या भेगा, हे आजार तिथं इतके घरोघरी आहेत की बायका त्यांना आजार म्हणतच नाहीत. तंबाखू हाताळताना त्यातलं निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. म्हणजे जन्मात कधी विडी न ओढलेली बाई तंबाखूच्या विषातून सुटत नाही.

वाचून दाखवणारा माणूस

क्यूबातली एक प्रथा मला फार आवडते. सिगार वळणाऱ्यांच्या समोर उंच जागेवर बसून एक माणूस दिवसभर वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. १८६५ साली हवाना शहरातल्या कारखान्यात ही प्रथा सुरू झाली. हात कामात, कान गोष्टीत. कामगारांना अलेक्झांडर द्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही कादंबरी इतकी आवडली की पुढे सिगारच्या एका नामांकित ब्रँडला ‘माँटेक्रिस्टो’ हे नाव मिळालं. हे वाचन करणाऱ्यांत आज बायकाही आहेत.

असंच वाचन आपल्या देशातही व्हायचं. केरळमधल्या कन्नूर भागातल्या विडी कारखान्यांत कामगार एकत्र बसत आणि त्यांच्यातला एक जण वर्तमानपत्र वाचून दाखवी. १९६६ चा कायदा केरळात लागू व्हायला लागला तेव्हा खासगी मालकांनी तिथले कारखाने गुंडाळले. बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभी केली. एके काळी तिच्यात चाळीस हजारांच्या घरात माणसं होती.

आमच्याकडच्या बाईला मात्र वाचून दाखवणारं कुणी नाही, कारण ती कारखान्यात बसत नाही, घरी एकटी बसते. घरी काम म्हणजे सोय, असं आपण सहज म्हणतो. पोरं सांभाळता येतात, स्वयंपाक होतो, हे खरंच आहे. पण घरात बसलेल्या बाईला शेजारणीला किती मजुरी मिळाली हे कळत नाही, हक्क कळत नाहीत, आणि तिच्या शेजारी बसून कात्री चालवणारी सात-आठ वर्षांची पोर कुणाला दिसत नाही.

ओढणाऱ्याची मजा, आणि तिची किंमत

सिगार ओढण्याचाही थाट असतो. टोक नेमकं कापायचं, ज्योत लांब धरून सावकाश पेटवायचा, धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. एक सिगार तासभरही चालतो. ‘धूर आत घेत नाही, मग काय बिघडतं?’ असं शौकीन म्हणतात. पण निकोटीन तोंडातल्या त्वचेतूनही शोषलं जातं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनंही होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो.

विडीबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘साधी विडी तर आहे, पानाची, सिगरेट थोडीच आहे!’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी घरात ऐकलंय? टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ती जोरात आणि वारंवार ओढावी लागते. तंबाखू कमी असूनही विष कमी जात नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सिगरेट ओढणारे प्रौढ ४ टक्के होते आणि विडी ओढणारे ७.७ टक्के. बायकाही यातून सुटलेल्या नाहीत. आंध्रच्या किनारपट्टीवर ‘चुट्टा’ नावाचा गावठी चिरूट कितीतरी बायका जळतं टोक तोंडात धरून ओढत आल्या आहेत, आणि टाळूच्या कॅन्सरशी त्याचा संबंध डॉक्टरांनी दाखवून दिला आहे.

मग या बायकांनी काय करायचं?

विडी वाईट, म्हणून उद्या बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. पण विडी बंद झाली तर हजारो घरांत संध्याकाळी काय शिजणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं. ‘दिनेश’नं ते स्वतःपुरतं शोधलं. विडीचा खप घसरायला लागला तेव्हा त्यांनी मसाले, नारळाचं दूध, छत्र्या, कपडे अशा धंद्यांत हात घातला. संघटना असली की वाट सापडते. सोलापुरातही नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात भांडंसुद्धा नव्हतं, तिच्या नावावर घर झालं.

पण घर मिळालं म्हणून खोकला थांबत नाही. विडी वळणाऱ्या बहिणींना आणि त्यांच्या ओळखीच्या आपल्यासारख्या बायकांना काही गोष्टी माहीत असायला हव्यात. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही पीएफचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच मान्य केलं आहे. १९६६ चा कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला आहे आणि विडीवरचा कल्याण उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. म्हणूनच विडी कामगाराचं ओळखपत्र आणि पीएफचा नंबर आपल्याकडे आहे ना, नाव-जन्मतारीख आधारशी जुळते ना, हे प्रत्येकीनं तपासून घ्यावं. नावातल्या एका अक्षरासाठी म्हातारपणी बायका खेटे घालताना मी पाहिल्या आहेत. ओळखपत्रावर विडी कामगारांच्या दवाखान्यात उपचार आणि मुलांना शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो.

घरात तंबाखू झाकून, झोळीपासून आणि चुलीपासून लांब ठेवावा. दिवसातून थोडा वेळ तरी खिडकी उघडावी. बाळाला पाजण्याआधी, कणीक मळण्याआधी हात साबणानं धुवावेत. खोकला पंधरा दिवसांच्या वर गेला तर तपासणी करून घ्यावी. आणि घरातला कुणी विडी-सिगरेट सोडायचं म्हणत असेल तर तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर त्याच्या हातात द्यावा.

मागच्या महिन्यात एका वस्तीत आम्ही मुलींसाठी शिवणवर्ग सुरू केला. अकरा मुली आल्या. त्यांच्या आया दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यातली एक म्हणाली, “कात्री चालवायला शिकवायची गरज नाही हो हिला, ते तिला येतंच. फक्त आता पान नको, कापड कापू दे.” पुढच्या आठवड्यात वर्गाला आणखी दोन मशिनं लागणार आहेत. तुमच्याकडे अडगळीत पडलेलं एखादं असेल, तर तुमच्याच गावातल्या अशा एखाद्या वर्गाला जरूर द्या.