कर्जफेड, काटकसर आणि कौटुंबिक सुख : कुंडमच्या निमित्ताने

ग्रामीण कर्जबाजारीपणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला सावकाराचे व्याज, तर दुसऱ्या टोकाला शेतकऱ्याची 'उधळपट्टी'. कर्ज असलेल्या कुटुंबाने लग्नकार्य, जत्रा, सणवार यांवर खर्च करावाच का, हा प्रश्न वरकरणी नीतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो उत्पन्नाचा हंगाम, व्याजदर आणि हप्त्याची रचना यांच्याशी निगडित असलेला अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याचा कुंडम हा आदिवासीबहुल विकासखंड डोळ्यांसमोर ठेवल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

जबलपूरहून शहपुरामार्गे दिंडोरी व अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम लागते. प्रदेश डोंगराळ, जमीन बरीचशी हलकी आणि वस्ती प्रामुख्याने गोंड समाजाची. धान, कोदो, कुटकी ही येथील खरीप पिके. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि उरलेल्या काळात मजुरी असे उत्पन्नाचे चक्र फिरते. म्हणजे रोख रक्कम वर्षातून दोनदा हाती येते आणि जुलै ते सप्टेंबर हे महिने सर्वाधिक ओढाताणीचे जातात. नेमक्या याच महिन्यांत बियाणे, खत, आजारपण आणि शाळा यांचे खर्च एकत्र येतात. कर्जाचा उगम बहुतेकदा येथे असतो.

एक जुना गैरसमज

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या दख्खन दंगे आयोगापुढे रयतेच्या लग्नखर्चाचा मुद्दा आलाच होता. आयोगाचा निष्कर्ष आजही अभ्यासण्याजोगा आहे. लग्नकार्याचा खर्च हे कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक पुढे केले जाते. अन्नधान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वेळोवेळी घेतलेल्या लहान रकमाच कर्जाचे मूळ ठरतात, असे आयोगाने नोंदविले. यातूनच पुढे 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणी (1951-52) केली. सहकारी संस्थांचा ग्रामीण कर्जपुरवठ्यातील वाटा त्या वेळी अवघा 3.1 टक्के होता आणि ग्रामीण कुटुंबांच्या एकूण उचलीपैकी जवळपास निम्मी रक्कम कौटुंबिक खर्चासाठी घेतली जात होती. याचा अर्थ कुटुंबे चैन करीत होती असा नव्हे. शेती आणि संसार यांचे हिशेब ग्रामीण कुटुंबात वेगळे नसतात, एवढाच त्याचा अर्थ. संस्थात्मक पतपुरवठ्याने मात्र दीर्घकाळ 'उत्पादक' आणि 'अनुत्पादक' कर्ज अशी भिंत उभी केली. परिणामी संसाराच्या गरजेसाठी सावकाराचे दार तेवढे उघडे राहिले.

2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार (77 वी फेरी) देशातील 50.2 टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती व प्रति शेतकरी कुटुंब सरासरी थकीत कर्ज 74,121 रुपये होते. कर्जाचा 69.6 टक्के भाग संस्थात्मक स्रोतांकडून आला होता, तर व्यावसायिक सावकारांचा वाटा 20.5 टक्के होता. 1951-52 च्या तुलनेत हे स्थित्यंतर मोठे आहे. तथापि उरलेला भाग बहुधा सर्वांत महाग असतो, हे विसरता येत नाही.

काटकसर मोठी की व्याजदर?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कुंडम परिसरातील एखाद्या कुटुंबाने 40,000 रुपये कर्ज घेतले आणि ते दरमहा 2,000 रुपये फेडू शकते असे मानू. सावकाराचा दर शेकडा दरमहा 3 रुपये, म्हणजे वार्षिक 36 टक्के असेल, तर कर्ज फिटण्यास 31 महिने लागतात आणि एकूण सुमारे 62,000 रुपये भरावे लागतात. तेच कर्ज स्वयंसहाय्यता गटाकडून शेकडा दरमहा 1 रुपया दराने मिळाले, तर 23 महिन्यांत ते फिटते व एकूण भरणा 44,850 रुपयांच्या आसपास राहतो.

आता या कुटुंबाने दरमहा 300 रुपये सणवार, मडई, मुलांचे कपडे यांसाठी बाजूला ठेवायचे ठरविले आणि हप्ता 1,700 रुपयांवर आणला असे समजू. गटाच्या दराने मुदत 23 वरून 27 महिन्यांवर जाते. जादा व्याज सुमारे 1,000 रुपये. सावकाराच्या दराने मात्र मुदत 31 वरून 42 महिन्यांवर जाते आणि जादा भार सुमारे 8,400 रुपयांचा पडतो. वर्षाकाठी 3,600 रुपयांचा तोच आनंद एका कुटुंबाला स्वस्तात मिळतो आणि दुसऱ्याला आठपट महाग. शिवाय स्वस्त कर्ज घेऊन सणासाठी पैसे राखणारे कुटुंब, महाग कर्ज घेऊन पोटाला चिमटा काढणाऱ्या कुटुंबापेक्षा चार महिने आधी कर्जमुक्त होते. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अर्थात हप्ता दरमहा सारखा भरता येईल हे गृहीतक येथे सोयीसाठी धरले आहे. मोह व तेंदूपत्त्याच्या हंगामात मुद्दल अधिक फेडणे आणि पावसाळ्यात केवळ व्याज भरणे ही रचना अशा प्रदेशाला अधिक मानवते.

सणाचा खर्च अनाठायी असतो काय?

अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याची आकडेवारी आहे. तेथील अतिगरीब कुटुंबांपैकी 99 टक्क्यांहून अधिक कुटुंबांनी वर्षभरात लग्न, अंत्यविधी वा धार्मिक सणावर खर्च केला होता आणि मध्यस्थ कुटुंबाचा सणांवरील खर्च वार्षिक खर्चाच्या 10 टक्के होता. पोटभर अन्न नसतानाही हा खर्च टाळला जात नाही. गावात ज्याच्याकडे अडीअडचणीला हात पसरायचा, त्याच्या दारच्या कार्याला जाणे हा एक प्रकारचा विमाच असतो. पण केवळ विमा म्हणून त्याकडे पाहणेही अपुरे आहे; माणसे मडईला जातात ती मुख्यत्वे आनंदासाठी, आणि उपभोगाच्या सिद्धांतात आनंदाला अर्थ आहे. मिल्टन फ्रीडमन (1957) आणि फ्रँको मोदिग्लियानी यांच्या प्रतिपादनाचा गाभा हाच, की कुटुंबे उत्पन्नातील चढउतारांपेक्षा उपभोग अधिक समतल ठेवू पाहतात. ते साधण्यासाठी बचत किंवा कर्ज, दोहोंपैकी एक स्वस्त साधन हाती असावे लागते.

रोख पैसा दुर्मीळ असलेल्या समाजांनी खर्च हलका करण्याच्या आपल्या रीतीही घडविल्या होत्या. गोंड समाजातील 'लमसेना' प्रथेत वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला तरुण भावी सासऱ्याच्या घरी राहून श्रम करी. 'दूध लौटावा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आते-मामे भावंडांच्या विवाहामागेही खर्चाचा विचार असे. लग्नखर्चात रोखीचे महत्त्व वाढते तसतशा या रीती मागे पडतात आणि कर्जाची गरज वाढते.

धोरणांतील बदल

किसान क्रेडिट कार्ड योजना 1998 मध्ये सुरू झाली. 2012 च्या सुधारित योजनेत पीककर्ज मर्यादेच्या 10 टक्के रक्कम काढणीपश्चात, घरगुती व उपभोगाच्या गरजांसाठी धरण्यात आली. पिकाच्या खर्चापोटी 60,000 रुपयांची मर्यादा असेल, तर 6,000 रुपये संसारासाठी. रक्कम लहान आहे, पण 'अनुत्पादक' गरजेला बँकेच्या कागदावर मिळालेली ही मान्यता महत्त्वाची. वेळेवर फेड करणाऱ्यास केंद्राच्या सवलतीनंतर अल्पमुदतीचे पीककर्ज 4 टक्क्यांनी पडते. मध्य प्रदेशात 2012-13 पासून सहकारी संस्थांमार्फत ते शून्य टक्क्याने देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. फेडीची तारीख चुकली की ही सवलत जाते, म्हणून घरात एकाहून अधिक कर्जे असल्यास या तारखेला अग्रक्रम देणे श्रेयस्कर.

नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांच्या प्रायोगिक प्रकल्पाने स्वयंसहाय्यता गट-बँक जोडणी आरंभिली. 2011 पासून राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाने तिला व्यापक रूप दिले. गटाचे खरे बलस्थान असे, की औषध असो वा बारसे, कर्जाचे कारण शेजारणींना ठाऊक असते. कुठला खर्च अटळ आणि कुठला हौसेचा, हे त्या बँक अधिकाऱ्यापेक्षा अचूक ठरवितात. कधी कधी अधिक कठोरपणेही.

सूक्ष्मवित्ताच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेची 1 एप्रिल 2022 पासूनची चौकट परीक्षार्थींनी लक्षात ठेवावी. वार्षिक 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज होय, आणि सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. 2010 मधील आंध्र प्रदेशातील संकटानंतर अशा मर्यादेची आवश्यकता पटली होती. तरीही ही मर्यादा सैल आहे. वार्षिक उत्पन्न 1,20,000 रुपये असेल, तर महिन्याला 5,000 रुपयांपर्यंत हप्ते नियमात बसतात. उरलेल्या 5,000 रुपयांत संसार चालवायचा. 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात खर्चाचा सुमारे 47 टक्के भाग अन्नावर जातो. गरीब कुटुंबांत हे प्रमाण त्याहून अधिक असते. शिवाय 10,000 ही वर्षाची सरासरी आहे. ऑगस्टमध्ये कुंडमच्या एखाद्या घरात प्रत्यक्ष 4,000 रुपयेच आले, तर नियमानुसार योग्य ठरलेला हप्ता त्या महिन्याच्या संपूर्ण मिळकतीहून मोठा होतो. तो भरण्यासाठी मग दुसरीकडून उचल केली जाते आणि दिवाळीनंतर मडई भरेपर्यंत त्या उचलीवरही व्याज चढलेले असते.