नाव झाकले, ओळख उरली

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडल्याची बातमी आली. अधिकृत माहितीत रुग्णाचे नाव नव्हते. पण त्याचे वय, व्यवसाय, तो कोणत्या देशातून, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या तारखेला परतला, हे सारे काही तासांत राज्यभर पोहोचले. ते तपशील इथे पुन्हा देण्याचे कारण नाही. डोंबिवलीच्या सोसायटीत कोण बाहेरगावी आहे, कोणाच्या दाराशी बॅगांसह रिक्षा थांबली, हे वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. अशा ठिकाणी एवढे तपशील हाती आल्यावर नाव सांगावेच लागत नाही.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. साथीच्या काळात लोकांना माहिती देणे आवश्यकच होते. पण या घटनेतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो साथ संपल्यावरही संपलेला नाही. रुग्णालयांतील केस पेपर आता संगणकात जात आहेत, त्या नोंदींवर संशोधन होत आहे, त्यांच्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली शिकवल्या जात आहेत. ‘आम्ही नावे काढून टाकली आहेत’ असे अशा प्रत्येक कामात सांगितले जाते. तेवढे पुरेसे असते का?

तीन गोष्टींचे गणित

एक साधे गणित करून पाहू. समजा, एका पिनकोडच्या हद्दीत दोन लाख लोक राहतात. ऐंशी वर्षांच्या काळात सुमारे २९,२०० जन्मतारखा येतात. स्त्री आणि पुरुष असे दोन गट धरले, तर ५८,४०० जोड्या होतात. दोन लाख लोक त्यांत वाटले, तर एका जोडीच्या वाट्याला सरासरी तीन-चार माणसे येतात. म्हणजे पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढे कळले, की दोन लाखांमधून शोध तीन-चार जणांवर येतो. त्यात रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख जोडली, की बहुधा एकच माणूस उरतो.

आता जन्मतारखेऐवजी फक्त वय लिहिले, तर १६० जोड्या होतात आणि प्रत्येकीत सरासरी १,२५० माणसे येतात. पाच वर्षांचे वयोगट केले, तर सहा हजारांवर. बहुतेक संशोधनांना नेमकी जन्मतारीख लागतच नाही, वयोगट पुरतो. तरीही फॉर्ममध्ये रकाना असतो, म्हणून तारीख भरली जाते आणि तशीच पुढे जाते.

हे गणित प्रत्यक्षात कसे उतरते, हे लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिले. मॅसेच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या आणि गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी त्या सुरक्षित असल्याची ग्वाही दिली होती. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले शहरात सहाच जण होते. त्यांत तीन पुरुष आणि त्यांच्या पिनकोडमध्ये एकच. खुद्द गव्हर्नरांचा वैद्यकीय इतिहास हाती आला. पुढे १९९० च्या जनगणनेवरून स्वीनी यांनी हिशेब मांडला, की या तीन गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के अमेरिकी नागरिक एकमेव ठरू शकतात.

माहिती हवीच, पण...

यावरून आरोग्याची माहिती गोळाच करू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ओमायक्रॉनचेच उदाहरण घ्या. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी विषाणूच्या नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला कळवली. दोनच दिवसांत त्याला नाव मिळाले आणि पुढच्या दहा दिवसांत डोंबिवलीतील रुग्णाचे निदान झाले. तिथल्या संशोधकांनी जनुकीय क्रम तत्परतेने खुला केला नसता, तर इथे काय शोधायचे हेच कळले नसते.

पण त्या देशाला काय मिळाले? अनेक देशांनी त्याची विमाने बंद केली. खरे सांगितल्याची शिक्षा झाली, अशी तक्रार तेथील सरकारने केली. रुग्णाच्या बाबतीतही नेमका हाच धोका असतो. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे आणि त्यामागचे कारण योग्यच आहे. पण दिव्यातील एखाद्या चाळीत घरात एकच मोबाइल असतो आणि तो नवऱ्याकडे किंवा दिराकडे असतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीच्या औषधांचा निरोप त्या फोनवर गेला, तर ती पुढच्या वेळी चुकीचा नंबर देते किंवा औषधेच सोडते. मग तिचा आजार बळावतो आणि संशोधकाच्या तक्त्यात एक खोटी ओळ वाढते. गोपनीयता पाळली नाही, तर उपचार आणि संशोधन दोन्ही बिघडतात. रुग्ण डॉक्टरला खरे सांगतो तो भरवशावर, आणि सारी आकडेवारी त्या भरवशावर उभी असते.

ठाण्याचे नाव

हा भरवसा किती नाजूक असतो, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे उपचार होत आहेत, पण लोकांच्या तोंडी राहिली ती ‘याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा. ज्या आजारापायी एका शहराचे नावच टिंगलीचा शब्द झाले, त्या आजाराची नोंद चुकीच्या हाती पडली तर लग्न, नोकरी, भाड्याचे घर, सारेच अडू शकते.

म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि तो संगणकीय स्वरूपातील माहितीलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहितीची सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यात संशोधनाला सवलत आहे. माहितीचा वापर एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी होणार नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जात असतील, तर अनेक अटी शिथिल होतात. सवलत आवश्यक आहे, पण तिच्यामुळे संशोधकाची जबाबदारी वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरील कोणत्याही संशोधनाला नैतिकता समितीची आधी मान्यता लागते. जुन्या नोंदींवरील अभ्यासात रुग्णाची संमती माफ करायची की नाही, हेही समितीच ठरवते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी परिषदेने २०२३ मध्ये स्वतंत्र तत्त्वे दिली. प्रश्न आहे तो ही तत्त्वे गर्दीच्या ओपीडीपर्यंत पोहोचण्याचा.

रांगेतली संमती

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन केला, की नाव, वय, पत्ता आपोआप नोंदणी खिडकीवर पोहोचतो आणि टोकन मिळते. ज्यांनी सकाळी सातपासून केस पेपरच्या रांगेत उभे राहून दिवसाचा रोजगार बुडवला आहे, त्यांना या सोयीचे मोल कळेल. आभा ऐच्छिक आहे आणि रुग्णाच्या नोंदी त्याच्या संमतीनेच दुसरीकडे पाठवता येतात, ही या योजनेची मूळ रचना आहे.

पण संमती म्हणजे काय? मागे साठ माणसांची रांग, खिडकीवरचा कर्मचारी म्हणतो, ‘ओटीपी आलाय, सांगा.’ आजीबाई नातवाकडे फोन देतात, नातू सहा आकडे वाचतो. कायदा म्हणतो, की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी, आणि सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असावी. आजीबाईंनी संमती दिली ती उपचारासाठी. त्याच नोंदी उद्या संशोधनासाठी किंवा एखादी संगणकप्रणाली शिकवण्यासाठी वापरायच्या असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी सांगायला हवी.

काळाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. मार्च २०२० मध्ये राज्यात गृहविलगीकरणातील लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले जात. ती शाई काही दिवसांत उडाली. संगणकातील नोंद आपोआप उडत नाही, ती कोणीतरी ठरवून पुसावी लागते. आरोग्य सेतू ॲपसाठी मे २०२० मध्ये केंद्राने माहिती सर्वसाधारणपणे १८० दिवसांपलीकडे न ठेवण्याचा नियम केला होता. प्रत्येक सर्वेक्षणाच्या आणि अभ्यासाच्या फॉर्मवर अशी मुदत छापलेली असायला हवी.

कुलूपच नव्हते

माहिती फुटते तेव्हा दरवेळी हुशार चोर लागतोच असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन सुरक्षा कंपनीने सांगितले, की भारतातील दहा लाखांहून अधिक तपासण्यांच्या सुमारे १२ कोटी प्रतिमा इंटरनेटवर उघड्या पडल्या आहेत. एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणारे संगणक पासवर्डशिवाय इंटरनेटला जोडलेले होते. अशा प्रतिमेच्या फाइलमध्येच रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख असते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे दोन आठवडे कागदावर करावी लागली.

छोट्या फटी तर रोजच्याच आहेत. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर वरिष्ठांचा सल्ला घेण्यासाठी एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्यामुळे जीवही वाचतो, पण कोपऱ्यातले नाव आणि नोंदणी क्रमांक कापायचे राहून जाते. पदव्युत्तर प्रबंधासाठी दोनशे रुग्णांची यादी एक्सेलमध्ये नावांसह भरली जाते आणि पेन ड्राइव्हवरून सायबर कॅफेत छपाईला जाते. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक घालणे आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी ठेवणे, याला एक रुपयाही लागत नाही.

जे नोंदीत नाहीत

नैतिकतेची आणखी एक बाजू गोपनीयतेइतकी चर्चेत येत नाही. अमेरिकेतील एका संगणकप्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कोणत्या रुग्णाला जादा मदत हवी, हे ती प्रणाली पूर्वीच्या वैद्यकीय खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर मुळात कमी खर्च होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते ‘कमी गरजू’ ठरत. हा दोष दूर केला, तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते.

ठाणे जिल्ह्यात ही चूक सहज होऊ शकते. मलंगगड पट्ट्यातील पाड्यावरची बाई मजुरी बुडते म्हणून ताप अंगावर काढते. तिची नोंदच होत नाही. घोडबंदर रोडवरील संकुलातला माणूस दर सहा महिन्यांनी तपासण्या करतो, त्याची फाइल जाडजूड असते. निव्वळ नोंदी वाचणाऱ्या यंत्राला पाड्यावरची बाई ठणठणीत वाटेल. अशा नोंदींवरून उद्या औषधसाठा आणि डॉक्टरांची पदे ठरली, तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच मागे राहतील.

काय विचारावे?

रुग्णाने फॉर्मवर सही करताना किंवा ओटीपी सांगताना चार प्रश्न विचारायला हरकत नाही. ही माहिती कशासाठी घेता? ती कोण पाहणार? किती दिवस ठेवणार? आणि संशोधनाला नकार दिला, तर उपचारात फरक पडेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असायला हवे. शिवाय आपल्या नोंदींची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते.

संशोधकाने स्वतःला एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ. हा रकाना नसेल तर माझा अभ्यास अडतो का? अडत नसेल, तर तो रकाना काढून टाकावा. जी माहिती घेतलीच नाही, ती फुटत नाही.

उद्या नवी साथ आली, तर तिचाही पहिला रुग्ण कुठल्या तरी सोसायटीत, कुठल्या तरी चाळीत राहत असेल. आपली माहिती जपली जाईल अशी खात्री असेल, तर तो लक्षणे दिसताच स्वतःहून दवाखान्यात येईल. ती नसेल, तर तो घरात लपेल आणि त्याचे शेजारी आजारी पडतील.