घरी चालली, बाहेर अडली

२००५ च्या सुमारास कोंडाण्याची लेणी आणि राजमाचीची वाट यांची माहिती देणारी चार वेबपानं मी पहिल्यांदा केली. ती आधी घरच्या संगणकावर चालवून पाहिली यात शहाणपण काही नव्हतं, नाइलाज होता. फोनच्या तारेवरचं इंटरनेट मिनिटागणिक बिल वाढवायचं. म्हणून मग झॅम्प. अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपी एकदम बसवून देणारं हे फुकट पॅकेज २००२ पासून मिळत होतं. मित्राकडून सीडी आणली, फायली एचटीडॉक्स फोल्डरमध्ये टाकल्या, ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की साइट हजर! लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, संगणकाने स्वतःलाच मारलेली हाक. तारेची गरजच नाही. भारनियमनाचे तास तेवढे सांभाळायचे.

घरी सगळं सुरळीत चालायचं, हीच खरी गोम होती.

पहिला फटका फॉन्टचा. मजकूर शिवाजी फॉन्टमध्ये होता. असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. माझ्याकडे फॉन्ट होता म्हणून मला मराठी दिसत होतं. कर्जतच्या सायबर कॅफेत तेच पान उघडलं, तर रोमन अक्षरांचा नुसता खिचडा. मग युनिकोडकडे वळलो. विंडोज एक्सपीत मंगल फॉन्ट होता, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय लिपी सुरू कराव्या लागत. ते न केलेल्या संगणकांवर वेलांट्या भलतीकडे पळायच्या.

दुसरा फटका त्याहून क्षुल्लक आणि म्हणूनच जास्त झोंबलेला. फोटोच्या नावात एक अक्षर कॅपिटल होतं. विंडोज असला भेद मानत नाही, लिनक्सचा सर्व्हर मानतो. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या जागी रिकामी चौकट. दोन संध्याकाळी मी कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो.

त्या चैत्यगृहाचं मला नेहमी नवल वाटतं. लाकडी बांधणीचे वासे-कमानी कारागिरांनी जशाच्या तशा दगडात उतरवल्या. म्हणजे रचना आधी लाकडात पारखलेली होती. कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असा ब्राह्मी लेखही तिथे आहे. खडकात बॅकअप नसतो.

तिसरी गोष्ट डेटाबेसची. मायएसक्यूएल बरीच वर्षं लॅटिन-१ हीच लिपीव्यवस्था गृहीत धरायचं. ते बदललं २०१८ च्या ८.० आवृत्तीत. घरून नेलेला मराठी मजकूर सर्व्हरवर प्रश्नचिन्हांची रांग होऊन उतरला, तो याच घोळामुळे.

म्हणून आता पान बाहेर पाठवण्याआधी मी शेजारच्या मुलाचा साधा मोबाइल मागून घेतो. पहिल्या वेळी त्याने लोकलहोस्ट लिहिलं आणि काहीच उघडलं नाही. मोबाइल स्वतःलाच हाक मारत होता. माझ्या संगणकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिला, तेव्हा कुठे पान आलं. राजमाचीच्या वाटेचा नकाशा पडद्याबाहेर गेलेला.

“काका, अर्धी वाट कुठंय?”