किळस हा अर्धाच राखणदार

गेल्या पावसाळ्यात सोयाबीनची पाहणी करून एका वस्तीवर जरा टेकलो होतो. चहा ठेवायला आत गेलेल्या वहिनी एकदम ओरडल्या. दुधाच्या पातेल्यात झुरळ पडले होते. दोन लिटर दूध त्यांनी तडक उकिरड्यावर ओतले आणि पातेले तीनदा राखेने घासले. कोणत्याही घरात हेच झाले असते, आणि ते योग्यही होते.

मग कोरा चहा करायचे ठरले. साखरेसाठी त्यांनी जो डबा उघडला, तो पाहून माझ्या अंगावर काटा आला. तो दाणेदार कीटकनाशकाचा झाकणाचा डबा होता!

"साहेब, गरम पाण्यानं चांगला धुतलाय. वाससुद्धा येत नाही," वहिनी म्हणाल्या.

मंडळी, खरी गोम इथेच आहे. झुरळाची किळस येते, स्वच्छ पांढऱ्या डब्याची येत नाही. किळस हा निसर्गाने दिलेला राखणदार आहे. नासके, कुजके, किडके तो तोंडाजवळ येऊ देत नाही. पण तो ओळखतो फक्त रूप आणि वास. ज्याला रूप नाही नि वास नाही, त्या विषाला तो खुशाल आत सोडतो.

उलट, जिथे धोका नाही तिथेही तो भुंकतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ त्यांनी रसात क्षणभर बुडवून काढले. झुरळ निर्जंतुक आहे हे सांगूनही लोकांना तो रस नकोसा झाला. शिवले की बाटले! कळते, पण वळत नाही.

आपल्या गावातही तेच. टीसीएल टाकलेल्या पाण्याला वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो आणि ओढ्याचे नितळ पाणी गोड मानून पितो. पण हगवण, कावीळ यांचे जंतू नितळ पाण्यातही असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

ही चूक किती महाग पडते पाहा. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. त्या भाजीत अळ्या वळवळताना दिसल्या असत्या, तर ताटे तिथेच बाजूला सरली असती.

याचे दुसरे टोकही आहे. एखादी बाई किंवा बाप्या तासन् तास हात धूत बसतो. कातडी सोलवटते, तरी समाधान होत नाही. आपण त्याला मंत्रचळ म्हणून हसतो. पण तो चाळा नव्हे, आजार आहे. धुतले की घटकाभर बरे वाटते, पुन्हा शंका येते आणि धुणे वाढतच जाते. मळ हाताला नसतो, भीती मनात असते. अशा माणसावर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

घरासाठी एवढे मात्र करा :

• कीटकनाशकाचा रिकामा डबा वा बाटली कितीही धुतली तरी घरात वापरू नका. भोके पाडून, विहीर-ओढ्यापासून दूर खोल पुरा.

• औषध कुलपात ठेवा. ते दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नका.

• फवारणीनंतर साबणाने अंघोळ करूनच भाकरीला हात लावा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा.

• पिण्याचे पाणी टीसीएल टाकलेले किंवा उकळलेलेच घ्या.

त्या दिवशी मी चहा बिनसाखरेचाच घेतला. वहिनी थोड्या खट्टू झाल्या. पण मी निघालो तेव्हा साखर खड्ड्यात गेली होती आणि धाकटा मुलगा खिळ्याने डब्याला भोके पाडत होता.