देशोदेशीचे धावण्याचे शिष्टाचार

धाराशिव जिल्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्यांमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी ठळकपणे दिसतात. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागत असल्याने येथे धावण्याचा संबंध छंदापेक्षा पोटापाण्याशी अधिक जोडला गेला आहे. कोजागरीला तर सोलापूर व कर्नाटकातून तुळजापूरला पायी, बहुधा अनवाणी, निघालेल्या भाविकांनी हे रस्ते फुलून जातात.

परदेशात गेलेल्या धावपटूला मात्र वेगळे संकेत पाळावे लागतात. टोकियोतील राजवाड्याभोवतीच्या सुमारे ५ किलोमीटरच्या फेरीत सर्वांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजेच देवळातील प्रदक्षिणेच्या विरुद्ध, धावावे आणि पादचाऱ्यांना आधी वाट द्यावी असा शिरस्ता असून, धावून झाल्यावर अंग धुण्यासाठी जवळपासची ‘सेंतो’, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहे, उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमधून सुरू झालेल्या ‘पार्करन’ या विनामूल्य साप्ताहिक उपक्रमात शनिवारी सकाळी आबालवृद्ध ५ किलोमीटर धावतात किंवा चालतात, आणि त्याची सारी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने धावावे, हा नियम मात्र सर्वत्र उपयोगी आहे. त्यामुळे धाराशिवात उजवी कड धरणाऱ्याने फ्रान्स, जर्मनी वा अमेरिकेत, जेथे वाहने उजवीकडून चालतात, डावी कड धरावी.