दुरुस्तीनंतरही गिअर पेटी का बिघडते?

एखादी मालमोटार गिअर पेटीतील बिघाडामुळे कार्यशाळेत जाते. पेटी उतरवून पूर्ण उघडली जाते, झिजलेले भाग बदलले जातात आणि गाडी परत येते. मोठा खर्च झालेला असतो, आणि पुढील काही वर्षांची निश्चिंती झाली असे सर्वांना वाटते. परंतु पंधरवडा लोटतो न लोटतो तोच गाडी चढावर ओढेनाशी होते. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. अशा वेळी बहुधा पहिली सूचना येते ती पेटी पुन्हा उघडण्याची. ही सूचना अनेकदा घाईची ठरते. पुनर्बांधणी केलेल्या स्वयंचलित पेटीचा दोष पुष्कळदा पेटीच्या आत नसतो. तो तिच्यातील तेलात, तेल थंड करणाऱ्या नळ्यांत, विजेच्या तारांत किंवा एखाद्या केबलच्या जुळणीत असतो. तो शोधण्यासाठी पेटी उतरवावी लागत नाही. क्रमाने तपासणी मात्र करावी लागते.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मालमोटारींना चालकाने हाताने बदलावयाची गिअर पेटी असते. तथापि कोळशाच्या खुल्या खाणींतील अवजड डंपर, विमानतळांवरील अग्निशामक वाहने आणि काही शहर बसगाड्या यांमध्ये स्वयंचलित पेटी वापरली जाते. ही वाहने सार्वजनिक पैशातून घेतलेली असतात आणि ती बंद राहिली की काम अडते. म्हणून या पेटीच्या निदानाची पद्धत केवळ कारागिरांनीच नव्हे, तर दुरुस्तीची देयके मंजूर करणाऱ्यांनीही समजून घेणे इष्ट होय.

पेटीची रचना

स्वयंचलित पेटीत चालकाच्या पायाखाली क्लच नसतो. त्याची जागा टॉर्क कन्व्हर्टर घेतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे आणि मधले एक लहान चक्र एका बंद भांड्यात तेलात बुडालेले असतात. इंजिन पहिला पंखा फिरवते, त्याने फेकलेल्या तेलामुळे दुसरा फिरतो. मधले चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, त्यामुळे गाडी हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढून मिळतो. त्यापुढे ग्रहमालेसारख्या रचनेचे गिअर असतात. त्यांतील कोणते चक्र फिरावे आणि कोणते थांबावे हे क्लचच्या घर्षण तबकड्या आणि पोलादी पट्टे ठरवतात. या तबकड्यांना व पट्ट्यांना आवळून धरणारी शक्ती तेलाच्या दाबाची असते. थोडक्यात, तेल येथे वंगणही आहे, शक्ती वाहून नेणारे माध्यमही आहे आणि आज्ञा पोहोचवणारा दूतही आहे. या तीनपैकी एका कामात उणीव आली तरी बिघाड मात्र गिअरचाच दिसतो.

डिझेल इंजिनाचे वेगळेपण

या पेटीचा उगम मोटारगाड्यांत झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक ही पेटी बाजारात आणली. पुढे ती रचना मालवाहू गाड्यांकडे वळली. १९८९ च्या नमुन्यापासून अमेरिकेतील डॉज पिकअप मालमोटारींत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन मिळू लागले. या कमिन्सशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ मध्येच झाली होती. डॉजमधील या इंजिनामागे १९९६ पासून ‘४७ आर ई’ नावाची चार गिअरची स्वयंचलित पेटी बसू लागली. तिचे मूळ १९६२ च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी तयार झालेल्या टॉर्कफ्लाइट पेटीत होते. पुनर्बांधणीनंतरच्या तक्रारी समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत मोठा जोर देते. तबकड्यांवरील दाब किंचित जरी कमी पडला तरी त्या घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की जळतात. दुसरे असे की, पेट्रोल इंजिनाच्या हवानळीत निर्वात तयार होतो आणि इंजिनावरील भार किती आहे हे त्यावरून पेटीला कळू शकते. डिझेल इंजिनात असा निर्वात मिळत नाही. म्हणून भाराची वर्दी पेटीला केबलने किंवा विजेच्या संदेशाने द्यावी लागते. केबलची जुळणी थोडी चुकली तर चालकाने पूर्ण जोर मागितला तरी पेटी हलक्या भाराइतकाच दाब देते. पेटीची बांधणी निर्दोष असूनही तिच्या तबकड्या अशा वेळी जळू शकतात.

आरंभ तेलापासून

निदानाची पहिली पायरी म्हणजे तेलाची पातळी. ती गाडी सपाट जागी उभी करून, पेटी गरम झाल्यावर आणि इंजिन चालू ठेवून पाहावयाची असते. टॉर्कफ्लाइट कुळातील पेट्यांत दांडी न्यूट्रलमध्ये ठेवावी लागते, कारण पार्कच्या स्थितीत कन्व्हर्टरमध्ये तेल भरले जात नाही. पुनर्बांधणीनंतर रिकामा कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्या बरेच तेल शोषून घेतात. म्हणून प्रथम भरलेले तेल अपुरे ठरणे स्वाभाविक आहे. तेल जादा झाले तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. तेल कमी असो वा जास्त, लक्षण एकच दिसते. ते म्हणजे घसरणे.

तेलाचा रंग आणि वासही बोलका असतो. लालसर स्वच्छ तेल ठीक समजावे. तपकिरी रंग आणि करपट वास तबकड्या तापल्याची खूण आहे. गुलाबी, दुधाळ तेल दिसले तर रेडिएटरमधील पाणी आत शिरले असे समजून गाडी तत्काळ थांबवावी, कारण शीतकद्रव तबकड्यांवरील अस्तराचा चिकटपणा नष्ट करतो. तेलाच्या तळपात्रातील चुंबकावर थोडी करडी पूड दिसणे नव्या तबकड्या बसल्यानंतर स्वाभाविक आहे. धातूचे कण वा कपचे दिसणे स्वाभाविक नाही.

केबल, तारा आणि कूलर

तेल योग्य आढळल्यास केबल पाहावी. गिअर लवकर आणि मऊपणे पडत असतील तर केबल सैल असण्याचा संभव असतो. उशिरा आणि झटक्याने पडत असतील तर ती अधिक ताणलेली असू शकते. त्यानंतर बॅटरीची टोके, जमिनीच्या तारा आणि पेटीवरील जोडण्या स्वच्छ व घट्ट आहेत की नाहीत हे पाहावे. एकसमान वेगाने धावणारी गाडी मध्येच झटके देऊ लागली, कन्व्हर्टरचे कुलूप लागते-सुटते असे वाटले, तर संशय पेटीवर घेतला जातो. प्रत्यक्षात अल्टरनेटरमधील बिघडलेल्या डायोडमुळे विजेत उठणाऱ्या लहरी, किंवा थ्रॉटलची स्थिती सांगणारा दोषी संवेदक, नियंत्रकाला चुकीचा संदेश देत असतो. काही शेकड्यांची वस्तू बदलण्याऐवजी पेटी उतरवली जाते ती येथेच.

तेल थंड करणारा कूलर हा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. जुनी पेटी जळाली तेव्हा तिचा कचरा कूलरमध्ये आणि नळ्यांत जाऊन बसलेला असतो. पेटी नवी केली आणि कूलर तसाच ठेवला तर तो कचरा तेलाची वाट अडवतो. या पेट्यांत कूलरमधून परतणारे तेलच आतील गिअरना वंगण देते. म्हणजे कूलर तुंबला की पेटी तापते आणि तिचे वंगणही कमी होते. तपासणी सोपी आहे: परतीची नळी सोडून ती मापाच्या भांड्यात धरावी आणि न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालवावे. ‘४७ आर ई’ पेटीत वीस सेकंदांच्या आत सुमारे एक लिटर तेल आले पाहिजे. त्याहून कमी आले तर मार्गात अडथळा आहे किंवा पंप दुर्बळ आहे.

कोणत्या गिअरमध्ये घसरते?

येथवर दोष न सापडल्यास तर्काचे खरे काम सुरू होते. प्रत्येक गिअरमध्ये ठरावीक क्लच व पट्टे लागतात. टॉर्कफ्लाइट कुळात मागील क्लच पुढे जाण्याच्या सर्व गिअरमध्ये लागतो. पुढील क्लच तिसऱ्या आणि उलट गिअरमध्ये, पुढील पट्टा दुसऱ्यात, तर मागील पट्टा उलट गिअरमध्ये आणि हाताने निवडलेल्या पहिल्या गिअरमध्ये लागतो. यावरून पुढील अनुमाने निघतात :

१) पुढे जाताना सर्वत्र घसरते, उलट मात्र नीट चालते : मागील क्लच संशयित.
२) तिसऱ्यात व उलट दोन्हींत घसरते : पुढील क्लच संशयित.
३) केवळ दुसऱ्यात घसरते : पुढील पट्टा किंवा त्याची जुळणी.
४) केवळ उलट गिअरमध्ये घसरते : मागील पट्टा किंवा त्याची जुळणी.
५) हाताने निवडलेल्या पहिल्या गिअरमध्ये ठीक, पण ड्राइव्हमधील पहिल्यात घसरते : एकाच दिशेने धरणारा क्लच संशयित.
६) सर्व गिअरमध्ये सारखेच घसरते : एका क्लचचा दोष नव्हे, तेल, गाळणी, पंप किंवा मुख्य दाब पाहावा.

ही अनुमाने दाबमापकाने पडताळावीत. उदाहरणार्थ, ‘४७ आर ई’ पेटीत इंजिन मिनिटाला एक हजार फेऱ्यांवर ठेवले असता हाताने निवडलेल्या पहिल्या गिअरमध्ये मुख्य दाब दर चौरस इंचास ५४ ते ६० पौंड असावा आणि थ्रॉटलचा दांडा पूर्ण सरकवल्यावर तो ९० ते ९६ पौंडांपर्यंत चढावा. दाब चढतच नसेल तर केबल अथवा झडप दोषी आहे. दाब योग्य असूनही गिअर घसरत असेल, तरच आतील तबकड्यांचा दोष सिद्ध होतो आणि तेव्हाच पेटी उघडण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो.

ब्रेक दाबून व चाकांना अडण्या लावून इंजिन पूर्ण जोराने चालवण्याची स्टॉल चाचणीही केली जाते. फेऱ्या ठरलेल्या मापापेक्षा अधिक गेल्या तर क्लच घसरतो आहे; कमी राहिल्या तर इंजिन दुर्बळ आहे किंवा कन्व्हर्टरमधील मधले चक्र सुटले आहे. तुंबलेली डिझेल गाळणी हेही ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीचे नित्याचे कारण असते. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा अधिक करू नये, गाडीपुढे कोणी उभे राहू नये आणि ती अनुभवी कारागिरानेच करावी. नव्या तबकड्या अशा चाचणीच्या अतिरेकाने जळू शकतात.

नोंदीचे महत्त्व

‘गिअर बिघडला’ ही तक्रार निदानास निरुपयोगी आहे. गाडी थंड होती की गरम, रिकामी की भरलेली, कोणत्या गिअरमध्ये आणि किती वेगाला लक्षण दिसले, चढ होता की सपाटी, एवढे चालकाने लिहून दिले तर निम्मे निदान तेथेच होते. सकाळी पहिल्यांदा गाडी हलण्यास विलंब होतो आणि नंतर दिवसभर होत नाही, अशी नोंद असली तर रात्रीतून कन्व्हर्टरमधील तेल खाली उतरते, हे जाणकारास तत्काळ उमगते.

दुरुस्तीचे देयक मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने पुढील माहिती मागितल्यास पुष्कळसा वाद टळेल. कोणते भाग बदलले? कन्व्हर्टर नवा बसवला की जुनाच? कूलर व नळ्या धुतल्या की बदलल्या? कोणत्या प्रतीचे, किती तेल भरले? गाडी ताब्यात देताना दाबाची मोजमापे काय होती? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पुन्हा बिघाड झाल्यास त्या आकड्यांशी तुलना करता येते. आकडेच नसतील तर प्रत्येक वेळी आरंभापासून तर्क करावा लागतो.

गिअर पेटीला लागू असणारा हा विचार इतरत्रही लागू पडतो. पाणीपुरवठा योजनेवरील जळालेली मोटार रिवाइंड करून बसवली जाते आणि काही दिवसांत ती पुन्हा जळते. दोष पुष्कळदा वेटोळ्याचा नसतो. विजेचा दाब कमी असतो किंवा तीनपैकी एक फेज गेलेला असतो. तो न पाहता मोटार कितीही वेळा रिवाइंड केली तरी गावाचे पाणी बंदच राहते. बिघडलेला भाग बदलणे म्हणजे दुरुस्तीचा अर्धा भाग. तो भाग कशामुळे बिघडला हे शोधणे हा उरलेला अर्धा भाग होय. तो पूर्ण झाल्याशिवाय देयकावर स्वाक्षरी होऊ नये, एवढी दक्षता घेतली तरी सार्वजनिक यंत्रसामग्रीचे आयुष्य वाढण्यास मोठे साहाय्य होईल.