कर्जाच्या पाठोपाठ आलेला पाण्याचा कायदा

जागतिक बँकेसारखा रुक्ष विषय या पानांवर कशासाठी, असे काहींना वाटेल. वॉशिंग्टनची बँक कोठे आणि कर्जत-खालापूरची बौद्धवाडी कोठे! पण हा संबंध थेट पाणवठ्यापर्यंत येऊन पोचतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

1944 साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे परिषद भरली आणि तिच्यातून ही बँक निघाली. त्या परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळात आपल्याच जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. भारताला या बँकेचे पहिले कर्ज 1949 मध्ये मिळाले, तेही रेल्वेसाठी. त्या काळी कर्ज इंजिनासाठी, धरणासाठी, वीजघरासाठी असे. पुढे 1980 नंतर सावकाराची भाषा बदलली. नुसते धरण बांधून भागत नाही, धरणाचा कारभार आणि त्यामागचा कायदाही सुधारला पाहिजे, असे बँक म्हणू लागली. म्हणजे गावच्या सावकाराने पैसे देताना घराची कुलपे कशी बसवावीत हेही सांगावे, तसे झाले.

अर्थात कायदा बँक करीत नाही, आपले विधिमंडळच करते. परंतु फायलीत वावरणाऱ्याला हे ठाऊक असते की मसुदा सभागृहात येण्यापूर्वीच पुष्कळ काही ठरून गेलेले असते.

महाराष्ट्रात हे 2005 साली घडले. त्या वर्षी जागतिक बँकेने राज्याच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पासाठी 32 कोटी 50 लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण केले. दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट केली. हे प्राधिकरण उभे करणे व चालते करणे हा कर्जाच्या प्रकल्पाचाच एक भाग होता.

या कायद्यात चांगले काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. पाणीवाटप मंत्र्याच्या मर्जीवर न राहता नियमाने व्हावे, टंचाईच्या साली कपात सर्वांनी वाटून घ्यावी, ही तत्त्वे योग्यच आहेत. परंतु त्यात पाण्याचा ‘हक्क’ नावाची जी वस्तू आणली, ती नीट पाहिली पाहिजे. हा हक्क हंगामापुरता वा वर्षापुरता दुसऱ्याला देता येतो, त्याची खरेदी-विक्री होऊ शकते. आणि सिंचनाच्या पाण्याचा हक्क मिळतो कोणाला? पाणी वापर संस्थेचा सभासद कोण, तर लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा भोगवटादार. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि जो जमीन कसतही नाही, तो संस्थेच्या सभेत बसणार कसा? आपल्या समाजातील किती कुटुंबांकडे कालव्याखालची जमीन आहे, हे प्रत्येक वाडीने आपल्यापुरते मोजून पाहावे. कातकरी व ठाकूर बांधवांची स्थिती याहून वेगळी नाही. शेतमजूर बाई त्याच कालव्यावर कपडे धुते, त्याच पाण्यावर लावणीला जाते, पण वाटपाच्या वहीत तिचे नाव नसते.

आणखी एक कलम फारसे कोणाला माहीत नाही. 2005 च्या मूळ कायद्यात दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्या शेतकऱ्याला पाणीपट्टी दीडपट लावण्याची तरतूद होती. कायदा होण्यापूर्वीच्या अपत्यांना सूट होती, हे खरे. कुटुंब लहान असावे याबद्दल आमचे दुमत नाही. बाबासाहेबांनी 1938 मध्येच मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आपल्या पक्षातर्फे आणविला होता. पण मुलांची संख्या आणि पिकाचे पाणी यांची गाठ मारण्याचा प्रकार आम्हाला विचित्र वाटतो. शहरातल्या बंगल्यात बाग शिंपणाऱ्याला ही अट नव्हती.

मग 2011 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. शेती, उद्योग, पिण्याचे पाणी अशी क्षेत्रवार वाटणी ठरविण्याचा प्राधिकरणाचा अधिकार काढून तो मंत्रिमंडळाकडे गेला. ज्या अधिकारासाठी एवढा खटाटोप केला, तोच पुन्हा जुन्या जागी आला! राज्याचा एकात्मिक जल आराखडा सहा महिन्यांत सादर करावा असे कायद्याने सांगितले होते. दहा वर्षांनंतरही तो तयार नव्हता. कर्ज मात्र ठरल्याप्रमाणे डॉलरच्या हिशेबानेच फेडायचे असते.

पाणी कोणाचे, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरातून 1915 पासून पाताळगंगेत आणि भिवपुरीच्या वीजघरातून 1922 पासून उल्हासच्या खोऱ्यात उतरते. भिवपुरीच्या त्याच सुटलेल्या पाण्यावर कर्जतचा राजनाला चालतो. पाताळगंगेचे पाणी रसायनीच्या कारखान्यांना जाते. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून नवी मुंबईला दररोज सुमारे 450 दशलक्ष लिटर पाणी पुरविता येते. आणि चैत्र-वैशाखात याच दोन तालुक्यांतल्या वाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत बसतात. महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न सार्वजनिक पाण्याला हात लावण्याचा होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. घटनेच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा उल्लेख आला तो याच अनुभवातून, अशी आमची समजूत आहे. आता तळे खुले आहे, पण पाण्याच्या हक्काला किंमत लागते आहे.

सावकाराच्या अटी नेहमी गरिबाच्या विरुद्धच जातात असेही नाही. नर्मदेच्या सरदार सरोवराला जागतिक बँकेने 1985 मध्ये कर्ज दिले. नंदुरबारच्या आदिवासींसह हजारो विस्थापितांनी लढा दिला, स्वतंत्र चौकशी झाली, आणि 1993 मध्ये हे कर्ज थांबले. त्याच वर्षी बँकेला तक्रारी तपासण्यासाठी निरीक्षण मंडळ नेमावे लागले. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात बँकेच्याच अटीमुळे, जागेची कागदपत्रे नसलेल्या झोपडीवासीयालाही 225 चौरस फुटांचे घर देण्याचे धोरण राज्याला स्वीकारावे लागले. पुढे पुनर्वसनाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 2006 मध्ये बँकेने काही महिने त्या कामाचा पैसा रोखलाही.

आपल्या दारातून जाणारी पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वे याच मालिकेतली आहे. चिखले, मोहोपे, चौक अशी स्थानके घेत जाणाऱ्या सुमारे 29.6 किलोमीटरच्या या मार्गासह एमयूटीपी-3 साठी बीजिंगस्थित आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेशी ऑगस्ट 2020 मध्ये 50 कोटी डॉलरचा करार झाला. या बँकेचेही पुनर्वसनाचे नियम आहेत आणि तक्रारीची सोय आहे. ती आधी प्रकल्पाच्या कार्यालयात करावी लागते, तेथे दाद लागली नाही तर बँकेच्या यंत्रणेकडे जाता येते. ज्यांचे घर, विहीर किंवा वहिवाटीची वाट या कामात गेली असेल त्यांनी पुनर्वसनाचा आराखडा मराठीत मागावा, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घेताना तिच्यावर शिक्का व तारीख आहे की नाही ते पाहूनच खिडकी सोडावी.